सत्काराची खुर्ची

एकोडीचा सेवकराम कापगते छकडीवर चढला की जोडी सरळ पळते, असं साकोलीपासून लाखांदूरपर्यंत बोललं जायचं. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्याला या भागात धुरकरी म्हणतात, आणि धुरकरी म्हणजे काही बैलांचा मालक नव्हे. मालक मांडवात बसतो, फेटा बांधतो, बक्षीस घेतो. धुरकरी दोन चाकांच्या एवढ्याशा छकडीवर उकिडवा बसतो आणि जीव मुठीत घेऊन दाणेवरून सुटतो. दाण म्हणजे बैलांची पळायची वाट, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांतून सरळ काढलेली. सगळा खेळ काही सेकंदांचा. सेवकरामचं अंग त्या खेळासाठीच घडलेलं होतं. बारीक, काटक, मांजरासारखं. पडला तरी पायांवरच पडेल, असं त्याची आई म्हणायची. ती आधीच गेली ते बरं झालं.

मध्ये काही वर्षं पटावर बंदी आली. तेवढ्या काळात सेवकरामने आपली धानाची शेती केली, लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बायकोशी तो नव्याने बोलायला शिकला आणि मुलीला शाळेत पुढे पुढे जाताना पाहिलं. बंदी उठली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. धुरकऱ्याचं ते वय नव्हे. पण राईस मिलवाले भैय्याजी मोटारसायकलवरून त्याच्या दारात आले. त्यांच्याकडे नवीन जोडी होती.

"पोट्टे लय हायेत आता हाकणारे," भैय्याजी म्हणाले. "पण त्याइले फक्त मोबाइलमधी दिसायचं हाय. माह्या जोडीवर तूच पाहिजेस, सेवकराम."

ललिता, त्याची बायको, चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच तिला कळलं की आता सांगून काही उपयोग नाही.

त्या वर्षीच्या पटात भैय्याजींची जोडी जिंकली. सेवकरामने रेघ ओलांडली, लोकांनी आरोळी ठोकली आणि नेहमीप्रमाणे माणसं दाणेत धावली. उजवा बैल बुजला. एक चाक बाजूच्या बांधावर चढलं, छकडी उलटली आणि सेवकराम पाठीवर पडला. सपाट जमिनीवर पडता तर कदाचित पाठ वाचती. पाठीखाली बांध आला, उन्हाने दगडासारखा झालेला.

दोघांनी हात धरले, दोघांनी पाय धरले आणि धानाचं पोतं उचलावं तसं उचलून त्याला जीपमध्ये टाकलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मोडलेल्या पाठीचा माणूस फळीवर, न वाकवता न्यायचा असतो, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. जीप हमरस्त्याला लागली तेव्हा सेवकरामने विचारलं, "माहे पाय कोठी ठेवले गा?"

शेजारचा पोरगा हसला. त्याला वाटलं, गडी गंमत करतो आहे.

नागपूरच्या इस्पितळात पाठीत सळया घातल्या. कंबरेखालचं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी ललिताला व्हरांड्यात सांगितलं आणि ललिताने ते नवऱ्याला सांगितलंच नाही; त्याचं त्यालाच कळत गेलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, बोलायला कडक. तिने एक दिवस त्याच्या हातात दांड्याचा आरसा दिला.

"सकाळ-संध्याकाळ आपलं बूड, कंबर, टाचा यात बघायच्या. लाल डाग दिसला आणि दाबल्यावर पांढरा झाला नाही, तर त्या जागेवर भार टाकायचा नाही. डाग जाईपर्यंत नाही."

सेवकराम म्हणाला, "बाई, आयुष्यात तोंड नाही पाहिलं येवढं आरशात."

बाई हसली नाही. "तुम्ही-आम्ही बसल्या बसल्या सारखे हलत असतो, कारण खाली रग लागते. तुम्हाला आता रग लागणार नाही. हाड वरून दाबतं, खुर्ची खालून दाबते, मधल्या मांसाला रक्त मिळत नाही आणि ते आतल्या आत मरतं. तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, थोडा वेळ धरायचं, खाली ठेवायचं. दिवसभर, आठवण ठेवून. आणि हवेची गादी खाली असल्याशिवाय बसायचं नाही. लग्नात नाही, मयतीत नाही."

ललिताने ते शब्द मंत्रासारखे पाठ केले.

घरी आल्यावर तिने ओसरीतली खाट भिंतीपासून दूर ओढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येईल. रात्री ती उठून त्याची कूस बदलायची. पुढे पुढे तर झोपेतच उठायची आणि सकाळी तिला आठवायचंही नाही. मुलगी प्रतिक्षा शाळेत जाण्याआधी आरसा धरायची. आधी बापलेक दोघंही लाजून मेल्यासारखे व्हायचे. मग सवय झाली. "क्लिअर," असं ती इंग्रजीत म्हणायची आणि दप्तर उचलायची.

सेवकरामने हळूहळू काम धरलं. बैलांचे कासरे, तोंडावर बांधायच्या म्होरक्या, रंगीत गोंडे विणायचं. हात शाबूत होते आणि बैलाच्या तोंडाला काय बोचतं हे त्याला माहीत होतं. चाकाच्या खुर्चीत, हवेच्या गादीवर बसून तो विणायचा, मध्ये मध्ये हातांवर अंग उचलायचा आणि पुन्हा विणायचा. गिऱ्हाइकं लांबून यायची. उपकेंद्रातली सिस्टर एकदा त्याला तपासून ललिताला म्हणाली, "बाई, याहिच्या अंगावर एक ओरखडा नाही. आमच्याकडे चांगल्या पायाच्या म्हाताऱ्यांना फोड येतात." ललिता त्या दिवशी शेजारणींशी जरा ताठ मानेने बोलली. तिच्या संसारात मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरली होती, नवऱ्याची कातडी.

हे असं काही वर्षं चाललं. कदाचित असंच चालत राहिलं असतं.

त्या हिवाळ्यात भैय्याजी परत आले. आता मोटारसायकलवरून नव्हे, गाडीतून. ते पट कमिटीचे अध्यक्ष झाले होते.

"या खेपेले पटावर तुझा सत्कार ठेवला," ते म्हणाले. "मोठी माणसं येऊन राहिली. ज्यानं पटासाठी पाय देले त्याले गाव इसरलं नाही, हे दिसलं पाहिजे ना?"

"मी पाय देले नाही जी," सेवकराम म्हणाला. "ते गेले."

पण चेहरा उजळला होता. ललिताने चहा ठेवला आणि उभ्यानेच विचारलं, "किती वेळ बसावं लागते, भैय्याजी?"

"बसायचंच तर हाय, वहिनी. नाचायचं थोडी हाय."

पटाच्या दिवशी सकाळी गाडी आली. सेवकरामने पांढरा सदरा घातला, दाढी घोटून केली. लघवीची नळी आणि पिशवी धोतराच्या आत नीट लपवली. चाकाची खुर्ची गाडीच्या मागे टाकली, तिच्यावर गादी होती. मैदानावर पोचल्यावर तो वास आला. बैलांचा घाम, धूळ, शेण, तळलेली भजी. सेवकरामने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

स्टेज उंच होतं. चढायला पायऱ्या होत्या, उतार नव्हता. चाकाची खुर्ची वर जाईना. मग चार पोरांनी सेवकरामला उचललं आणि वर नेऊन पाहुण्यांच्या रांगेतल्या एका मोठ्या खुर्चीत बसवलं. लग्नात नवरदेवाला असते तसली, लाल मखमलीची, सोनेरी हातांची. मखमल वरून मऊ दिसते. खाली फळी होती. चाकाची खुर्ची आणि तिच्यावरची गादी खालीच, मंडपाच्या खांबाला टेकून राहिली.

ललिता बायकांमध्ये दोरीपलीकडे होती. तिने ते पाहिलं आणि उठली. गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेली, गादी काढली आणि बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याच्या हातात देऊन म्हणाली, "भाऊ, हे त्याइच्या बुडाखाली ठेवून द्या ना जी. लय गरजेचं हाय."

कार्यकर्ता गादी घेऊन वर गेला. सेवकरामच्या कानाशी वाकला. सेवकरामच्या एका बाजूला कुणी बडे पाहुणे होते, दुसऱ्या बाजूला भैय्याजी. समोर हजारभर माणसं. त्यांतली निम्मी त्याला छकडीवर पाहिलेली. आता सगळ्यांसमोर चौघं उचलणार, बूड वर करणार, खाली ती काळी रबराची गादी सरकवणार. धोतर सरकेल, पिशवी दिसेल. सेवकरामने मान हलवली. "राहू दे. मंग पाहू."

ललिताने खालून हात जोडले. त्याने पाहिलं आणि नजर दाणेकडे वळवली.

अंग उचलायचं तर त्याच्या हातात होतं. सोनेरी हातांवर जोर द्यायचा आणि उचलायचं, रोज शंभरदा करत होता. पण बेडकासारखं वरखाली होणारा धुरकरी लोकांना दाखवायचा, हे त्याला जमेना. शाल घातली गेली, नारळ दिला गेला, फेटा बांधला गेला. भाषणं झाली. एकाने त्याला 'पटाचा वाघ' म्हटलं. मग जोड्या सुटायला लागल्या आणि सेवकराम सगळं विसरला. कुठली जोडी कुठे वाट सोडून फाटते, कोण धुरकरी उशिरा सुटतो, तो शेजारच्या पाहुण्याला सांगत राहिला आणि पाहुणा खरोखर ऐकत होता. इतक्या वर्षांत इतकं कुणी त्याचं ऐकलं नव्हतं. मध्ये पाय दोन-तीनदा आपोआप झटकले, नेहमीपेक्षा जोरात. आत काही दुखलं-खुपलं की पायांना असे झटके येतात, हेही त्या बाईने सांगितलं होतं. त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला. ऊन कललं, शेवटची जोडी सुटली, तेव्हा कुठे त्याला खाली उतरवलं.

घरी आल्या आल्या ललिताने त्याला पालथं केलं. धोतर ओलं झालं होतं, नळी कुठेतरी दुमडली असावी. डाव्या बाजूला, जिथे बसायचं हाड येतं तिथे, जांभळा डाग होता. पिकलेल्या जांभळाएवढा. तिने बोटाने दाबला. पांढरा झाला नाही.

"काय हाय?" सेवकरामने उशीत तोंड ठेवूनच विचारलं. फेटा अजून डोक्यावर होता.

"काई नाई," ललिता म्हणाली आणि बाहेर जाऊन अंगणात उभी राहिली.

वरून डाग लहानच दिसत होता. सेवकराम पालथा पडून राहिला, पण कातडी काळी पडली, मग चामड्यासारखी कडक झाली, आणि एक दिवस प्रतिक्षाने पुसताना ती कडेने सुटली. खाली खड्डा होता. आंब्याची कोय मावेल एवढा. जो तो उपाय सांगायला लागला. कुणी हळद म्हणालं, कुणी कडुनिंबाचा पाला. साकोलीच्या एका डॉक्टरने फेस येणारं औषध ओतायला दिलं. ते ओतलं की जखम उकळल्यासारखी फसफसायची आणि सगळ्यांना वाटायचं, घाण निघते आहे. घाणीबरोबर नवीन धरलेलं मांसही जळत होतं, हे पुढे नागपूरला कळलं.

सेवकरामला काहीच दुखत नव्हतं. हे समजावून सांगायला फार कठीण. आपल्या अंगात मूठभर खड्डा आहे आणि आपल्याला ते दुसऱ्यांच्या तोंडावरून कळतं. गिऱ्हाइकं आधी खाटेच्या कडेला बसायची, मग दारातल्या खुर्चीवर बसायला लागली, मग अंगणातूनच बोलायची. "घाईत हाय गा, सेवकराम." वास त्याच्या स्वतःच्या नाकाला सरावला होता. तो माणसांच्या नाकाकडे पाहायचा. नाकपुड्या आवळल्या की त्याला कळायचं, आज वाढलं आहे.

भैय्याजी एकदाच आले. तोंडाला रुमाल लावून दारात उभे राहिले. त्यांनी सत्काराचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून आणला होता. लाल खुर्ची, फेटा, शाल, हसणारा सेवकराम.

"माणूस खंबीर पाहिजे," भैय्याजी म्हणाले. "तू तर वाघ होय."

ते गेल्यावर ललिताने फोटो उचलला आणि गोठ्यात, धानाच्या तणसाच्या ढिगामागे नेऊन टाकला. सेवकरामने आवाज ऐकला.

प्रतिक्षा बारावी झाली होती. भंडाऱ्याच्या नर्सिंगला तिचा नंबर लागल्याचा फोन आला त्या आठवड्यात सेवकरामला थंडी वाजून ताप भरला. खाट हलेपर्यंत थंडी. साकोलीहून भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून परत नागपूरला. रक्तात विष पसरलं होतं. डॉक्टर तरुण होते, थकलेले, पण समजावून सांगत. त्यांनी जखमेत बोट घातलं ते मुळापर्यंत गेलं.

"हाडापर्यंत आहे. हाडही सडलंय. आधी मेलेलं मांस कापून काढू, इंजेक्शनं चालतील, ताकद यावी लागेल. अंडी, डाळ, जे झेपेल ते खाऊ घाला. जखम स्वच्छ झाली की मांडीचं मांस फिरवून भरू. पण हे मोठं काम आहे. आणि त्यानंतर बसणं बंद. बरेच दिवस."

"किती दिवस?" ललिताने विचारलं.

"जखम सांगेल तेवढे."

ललिता वॉर्डात थांबली. घरी ढोरं होती, धान होतं, ते प्रतिक्षाने पाहिलं. नर्सिंगला हजर व्हायची तारीख येऊन गेली. कुणीही तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. कुणी जा असंही म्हटलं नाही.

शेजारच्या खाटेवर राजकुमार होता. पवनीकडचा, ट्रॅक्टर उलटून पाठ मोडलेला. त्याच्या कंबरेवर दोन जखमा, टाचेवर एक. तो सतत विनोद करायचा. ड्रेसिंगची गाडी आली की ओरडायचा, "या, मॅडम, वावर पाहाले या. कोठी वखर, कोठी नांगर!" सिस्टरही हसायच्या. सेवकरामला आधी त्याचा राग यायचा.

"तुले हासू कसं येते गा?" त्याने एकदा विचारलं.

"मंग काय करू? रडलो तरी खालचं कोणतं ओलं होते, ते मले कळते काय?" राजकुमार म्हणाला. मग हळू आवाजात, "माही बायको माहेरी गेली होती. परत आली. पण ती आता माह्याकडे पाहत नाही, फक्त जखमेकडं पाहते. तुही पाहते काय?"

तो विचार सेवकरामने स्वतःही कधी पुरा केला नव्हता.

मांस कापलं, इंजेक्शनं झाली, मग मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर पालथं. जेवण पालथं, पाणी पालथं, झोप पालथी. माणसांचे त्याला फक्त पाय दिसायचे. वॉर्डातल्या सगळ्यांना तो चपलांवरून ओळखायला लागला. ललिताच्या चपलेचा अंगठा तुटून तिने तो सुतळीने बांधला होता, तेही त्याने तेव्हाच पाहिलं.

टाके चांगले बसले. डॉक्टर खूश होते. घरी सोडताना त्यांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं, जे त्या कडक बाईने पहिल्याच वेळी सांगितलं होतं. ललिता मान हलवत राहिली. तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

घरी आल्यावर एका दुपारी सेवकराम ओसरीत पालथा पडला होता. प्रतिक्षा आत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिची मैत्रीण तृप्ती भंडाऱ्याला नर्सिंगला होती.

"तुले काय शिकवून राहिले आता?" प्रतिक्षा विचारत होती. मग ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते येते मले. ड्रेसिंग तर मी डोळे मिटून करते. तू त्या परीक्षेले मलेच पाठव." हसली. हसणं मध्येच थांबलं. "नाई गं. पुढच्या साली कायची? पुढच्या साली काय बाबा चालाले लागणार हायेत?"

सेवकरामने उशीत तोंड खुपसलं. संध्याकाळी ललिता पाणी घेऊन आली तेव्हा त्याने तिला विचारलं, "पोरीले जाऊ द्यायचं होतं ना. तू काहून नाही बोलली?"

ललिताने तांब्या खाली ठेवला. इतक्या महिन्यांत ती एकदाही ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही. म्हणूनच ते फार वाईट झालं.

"मी बोलली होती जी," ती म्हणाली. "खालून हात जोडून बोलली होती. गादी पाठवली होती. तुमी पाहलं मले, अन् तोंड फिरवलं."

"लोकं होते समोर."

"लोकं होते. ते लोकं आता कोठी हायेत? एक जण येऊन चादर पलटवते काय तुमची? तुमाले लाज वाटली, तेवढा एक दिवस. त्या लाजेपायी माही पोरगी पू पुसत बसली. मी रात्रभर जागून जागून तुमची कातडी सांभाळली, लेकराले सांभाळावं तशी. तुमी एका दिवसात ती लोकायले देऊन टाकली. शालीसाठी."

सेवकरामला म्हणायचं होतं, की शालीसाठी नव्हे. त्या दिवशी तो पाहुणा त्याचं ऐकत होता. पण हे बोलून काय सांगायचं, आणि कुणाला. ललिताने तांब्या उचलून त्याच्या तोंडाला लावला, कारण पालथ्या माणसाला तांब्या धरता येत नाही. तो पाणी प्यायला.

त्यानंतर दोघं भांडले नाहीत. भांडायला दोघांकडेही काही उरलं नव्हतं, असंच म्हणायचं.

बसायची परवानगी मिळाली तेव्हा सेवकराम गादीवर थोडा वेळ बसला, मग आडवा झाला. आता तो नियमाने वागत होता, कुणी न सांगता. अंग उचलायचा, आरसा स्वतः धरायचा. कासरे पुन्हा विणायला घेतले. सगळं बरोबर चाललं होतं. आणि तरी एक दिवस आरशात, जुन्या टाक्याच्या टोकाशी, तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र दिसलं. त्यातून पिवळं पाणी येत होतं.

डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. "आत हाडात थोडं राहिलं असणार," ते म्हणाले. "यात तुमची चूक नाही."

सेवकरामला त्यावर हसू आलं. चूक होती तेव्हा कुणी डॉक्टर विचारायला नव्हता. आता चूक नव्हती, तर सर्टिफिकेट मिळालं.

पुन्हा लगेच ऑपरेशन करता येणार नव्हतं. ते छिद्र कधी बंद व्हायचं, कधी उघडायचं. बंद झालं की पू आत साठून ताप यायचा, म्हणून घरच्यांना ते उघडं असलेलंच बरं वाटायला लागलं. प्रतिक्षा साकोलीत एका औषधाच्या दुकानात लागली. सकाळी ड्रेसिंग करून एसटीने जायची, संध्याकाळी येऊन पुन्हा करायची. दुकानात गिऱ्हाइकांना बँडेज कसं बांधायचं ते ती दाखवायची. तिच्याशी सगळे नीट बोलत. ती घरी येऊन त्यातलं काही सांगत नसे.

हिवाळा लागला. भैय्याजींचे फलक रस्त्यावर लागले, पट यंदाही होता. या वेळी सेवकरामला बोलावणं आलं नाही. यंदा सत्कार दुसऱ्याच कुणाचा होता. त्याच सुमारास एका सकाळी ललिताच्या फोनवर अनोळखी नंबर आला. राजकुमारची बायको होती, राखी. वॉर्डात दोघींनी एकमेकींची भांडी धुतली होती.

"गेला तो," राखी म्हणाली. "मागच्या महिन्यात. टाचेची बरी झाली होती, कंबरेची नाही झाली. तापातच गेला."

ललिता उंबऱ्यावर बसली. राखीला बहुतेक ऐकायचं नव्हतं काही. ती पुढे म्हणाली, "ताई, हवेची मोठी गादी होती त्याची. पंपवाली. पलंगावरची. चांगली चालू हाय. इथी सासू म्हणते फेकून दे, मेलेल्याची हाय. मले तुमची आठवण आली. तुमाले पाहिजे काय?"

ललिताने दारातून आत पाहिलं. सेवकराम कुशीवर पडून म्होरकीची गाठ मारत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या हातांवरून कळत होतं. गाठ चुकली होती आणि तो ती सोडवत नव्हता.

"घ्यायची काय जी?" तिने विचारलं.

त्याने ती चुकलेली गाठ सोडवली. "घे," म्हणाला. "काहून नाही घ्यायची?"

ललिता पवनीला जाऊन आली. गादी गुंडाळून, दोरीने बांधून, एसटीच्या टपावर टाकून आणली. अंगणात पसरून डेटॉलच्या पाण्याने दोनदा पुसली आणि उन्हात टाकली. शेजारणी कुंपणावरून पाहत होत्या. वाळल्यावर तिने आणि प्रतिक्षाने सेवकरामला आधी जमिनीवर घेतलं, खाटेवर गादी अंथरली, पंप लावला आणि त्याला उचलून वर ठेवलं. पंप घरघरायला लागला. एका कप्प्यातली हवा उतरायची, शेजारच्या कप्प्यात भरायची.

"कसं वाटते बाबा?" प्रतिक्षाने विचारलं.

"मले काय वाटणार?" सेवकराम म्हणाला. "पाहून सांग तूच."

तिने आरसा घेतला, चादर बाजूला केली, पाहिलं. मग ड्रेसिंगसाठी पाणी गरम करायला आत गेली.